जबड्याला काम काय उरलं?

शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठानं ऊस उभा राहिला, की शाळेतून परतणारी पोरं बांधावरचं एखादं कांडं मोडतात आणि कोयता-विळ्याच्या नादी न लागता थेट दातांनी सोलायला घेतात. सुळ्यानं साल ओढायची, पेरापाशी जरा जोर लावायचा, दाढेखाली करवा चिरडायचा, रस गिळायचा, चोथा थुंकायचा. एक कांडं संपेपर्यंत गाल दुखून येतात. तिथून ऐंशीएक किलोमीटरवर पुण्यात तोच ऊस रसवंतीगृहाच्या चरकातून घुंगरांच्या तालावर निघतो, त्यात आलं-लिंबू पडतं आणि दोन मिनिटांत पेला रिकामा होतो. गोडी तीच, साखर तीच. फरक एवढाच, की दुसऱ्या प्रकारात जबड्यानं काहीच केलेलं नसतं.

हे न केलेलं काम दिसायला क्षुल्लक आहे. पण माणसाच्या चेहऱ्याची ठेवण, दातांची रांग आणि म्हातारपणी ताटात काय पडणार हे त्याच्याशी जोडलेलं आहे. पुणे जिल्ह्यात तर या गोष्टीचा धागा तीन हजार वर्षं मागेपर्यंत हाती लागतो.

आधी यंत्रणा समजून घेऊ. दात घट्ट आवळून गालावर, कानाच्या थोडं पुढे बोटं ठेवली तर एक टणक उंचवटा हाताला लागतो. हा मॅसेटर. गालाच्या हाडापासून खालच्या जबड्याच्या कोपऱ्यापर्यंत गेलेला, जेमतेम एक-दीड सेंटिमीटर जाडीचा स्नायू. कानशिलावर बोटं ठेवून पुन्हा दात आवळले तर तिथंही हालचाल जाणवते. तो पंख्यासारखा पसरलेला टेंपोरॅलिस. जबड्याच्या आतल्या बाजूनं आणखी दोन टेरिगॉइड स्नायू आहेत. त्यांतला एक जबडा मिटायला मदत करतो आणि दुसरा तो पुढं सरकवून तोंड उघडायला. अशा चार जोड्या मिळून सेकंदाला साधारण एक या गतीनं घास दळतात. धडधाकट तरुणाच्या दाढांमध्ये पन्नास ते सत्तर किलो वजनाइतका दाब सहज निर्माण होतो. एवढी ताकद वरण-भातासाठी दिलेली नाही, हे उघड आहे.

स्नायूला काम मिळालं की तो भरतो आणि काम थांबलं की उतरतो, हे तालमीत जाणाऱ्याला सांगावं लागत नाही. जबड्याच्या बाबतीत गोष्ट एक पायरी पुढे जाते. लहान वयात चावण्याचा जो ताण हाडावर येतो, त्या ताणानं हाड वाढतं. हार्वर्ड विद्यापीठातल्या डॅनियल लीबरमन यांनी २००४ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. सशाएवढ्या हायरॅक्स नावाच्या प्राण्याच्या पिल्लांचे दोन गट केले. एकाला शिजवलेलं मऊ अन्न दिलं, दुसऱ्याला तेच अन्न कच्चं आणि वाळवलेलं. मऊ अन्नावर वाढलेल्या पिल्लांच्या चेहऱ्याचा खालचा आणि मागचा भाग जवळपास दहा टक्क्यांनी कमी वाढला. दातांचा आकार मात्र मुख्यतः जनुकं ठरवतात. म्हणजे दात ठरलेल्या मापाचे येतात आणि त्यांना जागा देणारा जबडा त्या मापाचा होतोच असं नाही. अक्कलदाढ आडवी अडकून रात्रभर ठणकते, त्यामागचं एक मोठं कारण हे आहे.

आता त्या तीन हजार वर्षांकडे. ज्या घोड नदीच्या काठी पोरं ऊस सोलतात, त्याच काठावर इनामगाव आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजनं १९६८ ते १९८३ या काळात तिथं उत्खनन केलं. ह. धी. सांकलिया, म. के. ढवळीकर आणि झेड. डी. अन्सारी यांच्या देखरेखीखाली ताम्रपाषाण युगातलं एक आख्खं गाव जमिनीतून वर आलं. इसवी सनापूर्वी सुमारे १६०० ते ७०० अशी नऊशे वर्षं हे गाव नांदतं होतं. घरं, चुली, रांजण, धान्य साठवायच्या बळदी, पाण्यासाठी काढलेला पाट असं बरंच काही सापडलं. आणि घरांच्या जमिनीखाली पुरलेली माणसं सापडली. त्यांत लहान मुलं फार, दोन मडकी तोंडाला तोंड लावून त्यात ठेवलेली. दोनशेहून अधिक व्यक्तींचे हे अवशेष अभ्यासकांसाठी मोठा ठेवा ठरले. डेक्कन कॉलेजचे सुभाष वाळिंबे आणि अमेरिकेतल्या ओरेगन विद्यापीठाचे जॉन लुकाच यांनी या दातांवर वर्षानुवर्षं काम केलं.

इनामगावची माणसं काय खात होती, हे मातीत जळून राहिलेल्या दाण्यांवरून आणि हाडांवरून कळतं. सातू हे मुख्य पीक होतं. जोडीला गहू, मसूर, वाटाणा, कुळीथ. गाई-गुरं, शेळ्या-मेंढ्या होत्या, नदीतले मासे होते, रानातलं हरीण आणि बोरंही होती. धान्य दगडी पाट्यावर रगडलं जाई आणि मडक्यात शिजे. या शेवटच्या वाक्यातच जबड्याची सगळी गोष्ट आहे. रगडणं आणि शिजवणं म्हणजे चावण्याचं निम्मं काम तोंडाबाहेर उरकणं.

लुकाच यांनी उत्तर प्रदेशातल्या सराय नाहर राय, महदहा, दमदमा या गंगाकाठच्या मध्याश्मयुगीन ठिकाणांचेही दात तपासले होते. ती माणसं शिकार करणारी, कंदमुळं खाणारी. त्यांचे दात मोठे, चांगलेच झिजलेले, पण किडलेले फार थोडे. इनामगावसारख्या शेतकरी वस्तीत दात लहान झालेले दिसतात आणि कीड वाढलेली. चिकट, पिठूळ अन्न दातांच्या फटीत बसतं आणि किडीला आयतं खाद्य मिळतं. शेतीनं पोटाची सोय केली आणि त्याची किंमत दाढांकडून वसूल केली. अर्थात इनामगावकरांच्या ताटातल्या सातूशी तुलना केली तर आजचा ब्रेड म्हणजे निव्वळ फेस आहे.

तोंडाबाहेर काम उरकण्याची ही सवय शेतीच्याही फार आधीची. हार्वर्डच्या कॅथरीन झिंक आणि लीबरमन यांनी २०१६ साली काही लोकांच्या जबड्यावर विद्युतअग्रं लावून त्यांना बोकडाचं कच्चं मटण आणि रताळी, गाजर, बीट यांसारखी मुळं खायला दिली. काही तशीच, काही दगडी पात्यानं कापलेली, काही ठेचलेली. निष्कर्ष असा, की आहाराचा एक तृतीयांश भाग मांसाचा असेल, मांस कापलेलं आणि मुळं ठेचलेली असतील, तर चावण्याच्या फेऱ्या सतरा टक्क्यांनी आणि लागणारा जोर सव्वीस टक्क्यांनी कमी होतो. आणि हे विस्तव न वापरता, फक्त दगड हातात घेऊन! न कापलेलं कच्चं मटण मात्र चावणाऱ्यांना हार मानावी लागली. कितीही चघळलं तरी त्याचा गोळा तसाच राहत होता. सुरीला आणि पाट्या-वरवंट्याला माणसाच्या शरीराच्या इतिहासात किती वरचं स्थान आहे, हे यावरून ध्यानात यावं.

जपानमध्ये एक गमतीचा हिशेब झाला. कानागावा इथल्या दंतवैद्यक महाविद्यालयातले शिगेरू साइतो यांनी जुन्या काळची जेवणं पुन्हा रांधून लोकांना खायला घातली आणि चावण्याच्या फेऱ्या मोजल्या. तिसऱ्या शतकातल्या हिमिको राणीच्या काळचं जेवण संपवायला सुमारे ३,९९० वेळा चावावं लागलं आणि एक्कावन्न मिनिटं लागली. आजचं जेवण ६२० वेळा चावून अकरा मिनिटांत संपलं. असा हिशेब पुण्यात कुणी मांडला आणि वडापाव, मिसळ, पुलाव यांच्या शेजारी पाटवडी, कडक भाकरी, कच्चा कांदा आणि शेंगदाण्याची चटणी ठेवली, तर आकडे वाचायला मजा येईल.

चावण्याच्या या फरकाला वंशाचा फरक समजण्याची चूक मात्र फार काळ झाली. रुंद जबडा दिसला की अमुक वंश, निमुळता दिसला की तमुक. या बाबतीत पुण्याकडे सांगण्यासारखं एक नाव आहे. इरावती कर्वे १९२०च्या दशकाच्या अखेरीस बर्लिनला मानववंशशास्त्र शिकायला गेल्या. त्यांचे मार्गदर्शक ऑयगेन फिशर, वंशश्रेष्ठत्वाचे पुरस्कर्ते. कवटीच्या डाव्या-उजव्या बाजूंच्या असमानतेत युरोपीय वंशाचं वेगळेपण दिसतं, अशी त्यांची धारणा होती आणि ते सिद्ध करण्याचा विषय त्यांनी या तरुण मराठी विद्यार्थिनीला दिला. इरावतीबाईंनी १४९ कवट्या मोजल्या आणि वंशाचा तसा काही संबंध दिसत नाही, असं लिहून दिलं. गुरूच्या तोंडावर, त्या काळच्या बर्लिनमध्ये. पुढे १९३९ पासून त्यांनी डेक्कन कॉलेजमध्ये समाजशास्त्र आणि मानववंशशास्त्राचा पाया घातला.

त्यांच्या मोजमापांनंतर ऐंशीएक वर्षांनी जबड्याबद्दलही तशीच गोष्ट पुढे आली. नोरीन फॉन क्रामोन-टाउबाडेल यांनी २०११ साली जगभरातल्या अकरा लोकसमूहांच्या कवट्या आणि जबडे तपासले. कवटीचा आकार बऱ्याच अंशी त्या समूहाच्या आनुवंशिक इतिहासाशी जुळत होता. खालचा जबडा मात्र जुळत होता तो अन्नाशी. शिकारी-संग्राहकांचे जबडे लांब आणि अरुंद, शेतकऱ्यांचे आखूड आणि रुंद, मग ते कुठल्याही खंडातले असोत. आखूड जबड्यात बत्तीस दातांची दाटी होणारच.

यावर एक रास्त शंका येते: हजारो वर्षांत जे घडलं ते जनुकांतूनही घडलं असेल, त्याचा आजच्या पोराबाळांशी काय संबंध? याचं उत्तर भारतातूनच मिळालं. अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ रॉबर्ट कोरुचिनी यांनी भारतीय सहकाऱ्यांसोबत १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला उत्तर भारतात पंजाबी तरुणांच्या दातांची पाहणी केली. एकाच समाजातले, एकाच रक्ताचे लोक. काही खेड्यात वाढलेले, काही शहरात. खेड्यातल्यांचा आहार अधिक भरड. वेड्यावाकड्या दातांचं प्रमाण शहरी तरुणांत जास्त निघालं. जनुकं बदलायला एक पिढी पुरत नाही. स्वयंपाकघर बदलायला पुरते.

पुण्यातलं स्वयंपाकघर किती वेगानं बदललं, हे साठीतल्या कुठल्याही गृहिणीला विचारावं. प्रेशर कुकर भारतात बनायला लागले १९५९च्या सुमारास. साठच्या दशकात सुमीतचा मिक्सर आला. जात्यावरचं भरड पीठ गिरणीवर गेलं, मग बारीक चाळणीतून पिशवीबंद झालं. कडधान्यांची उसळ दाताला लागेनाशी झाली. मटणाचा रस्सा चार शिट्ट्यांत हाडापासून सुटू लागला. शाकाहारी-मांसाहारी हा वाद पुण्यात इतर कारणांनी रंगत असेल, जबड्याच्या लेखी त्याला अर्थ नाही. कुकरमधलं मटण गाजरापेक्षा मऊ असतं.

जुन्याचं गुणगान करतानाही जरा जपून बोललेलं बरं. तव्यावरून उतरलेली ज्वारीची भाकरी मऊच असते आणि ती कालवणात कुस्करून खाण्याची पद्धत गावागावात आहे. खरी परीक्षा घेते ती सोलापुराकडची कडक भाकरी, भाजलेला हरभरा, हिवाळ्यातला हुरडा, सुकं खोबरं, चिंचोके, फुटाणे. लोणावळ्याची चिक्कीही दाढेला कामाला लावते, पण तिच्या गुळाची भरपाई मग दंतवैद्याकडे करावी लागते. पेरू, गाजर, मुळा, काकडी, ऊस यांत तो धोका नाही, किंवा फार कमी आहे. ऊस खाऊन चूळ भरली की झालं.

चावून खाण्याचा आग्रह धरणाऱ्यांत पुण्याशी संबंध असलेलं सर्वांत मोठं नाव महात्मा गांधींचं. १९४२ साली आगाखान पॅलेसमध्ये स्थानबद्ध असताना त्यांनी आरोग्यावरचं छोटंसं पुस्तक लिहिलं. धान्य डाळीत भिजवून गिळू नये, कोरडं खावं, म्हणजे ते चावलं जातं आणि लाळ त्यात मिसळते, असा त्यातल्या सल्ल्याचा आशय. त्या वेळी स्वतः गांधीजी कवळी लावत होते, ही गोष्ट सल्ल्याला अधिकच वजन देते. लाळेतलं एन्झाइम पिष्टमय पदार्थांचं पचन तोंडातच सुरू करतं, हे शास्त्र तर शाळेच्या पुस्तकात आहे. चावायला ऊर्जाही लागते: २०२२ साली नुसतं च्युइंगगम चघळणाऱ्या लोकांवर मोजमाप झालं तेव्हा शरीराचा ऊर्जाखर्च दहा ते पंधरा टक्क्यांनी वाढलेला आढळला.

दात गेल्यावर काय होतं, हे पूर्वीच्या वाड्यांमधल्या आज्यांना ठाऊक होतं. विडा चघळता येईना, तेव्हा पितळेचा छोटा खलबत्ता आला आणि पान-सुपारी त्यात कुटली जाऊ लागली. पूर्ण कवळी बसवलेल्या माणसाच्या चाव्याचा जोर नैसर्गिक दातांच्या चौथ्या हिश्श्याच्या आसपास किंवा त्याहून कमी भरतो. मग भाकरीऐवजी दूधभात, उसळीऐवजी वरणाचं पाणी. प्रथिनं घटतात, स्नायू आणखी उतरतो आणि मऊ खाणं आणखी मऊ होतं. ‘दात आहेत तर चणे नाहीत, चणे आहेत तर दात नाहीत’ ही म्हण गरिबीवर बोट ठेवते, पण वैद्यकीयदृष्ट्याही ती अचूक आहे. जपाननं १९८९ पासून ऐंशीव्या वर्षी निदान वीस दात राखण्याची राष्ट्रीय मोहीम चालवली. आपल्याकडे दात पडणं अजूनही वयाचा भाग मानून सोडून दिलं जातं.

दुसऱ्या टोकाला एक वेगळीच तक्रार आहे. दिवसभर सँडविच आणि कॉफीवर असलेला जबडा रात्री झोपेत काम काढतो. ताणाखाली असलेली अनेक माणसं झोपेत दात खातात, करकरा, शेजारच्याला जाग येईल इतके. सकाळी कानशिलं जड, गाल दुखरे, दातांच्या कडा झिजलेल्या. पुण्यात हिंजवडी किंवा खराडीत रात्रपाळी करणाऱ्यांना हे वर्णन परकं वाटणार नाही. यातून मॅसेटर फुगला, की चेहरा चौकोनी दिसतो म्हणून त्यात बोटुलिनमची इंजेक्शनं घेऊन तो बारीक करून घेणारेही आहेत. दुसरीकडे जबडा भरदार व्हावा म्हणून ऑनलाइन मिळणारे रबरी गोळे चघळणारी तरुण मुलं आहेत. दोघांनाही पैसे मोजावे लागतात.

आणि मग आहे ते चघळणं, ज्यात अन्न नसतंच. पुणे जिल्ह्यात या विषयाचा मोठा इतिहास आहे. १९६०च्या दशकात मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले फली मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जिल्ह्यातल्या गावागावांत जाऊन १,०१,७६१ ग्रामस्थांची तोंडं तपासली. ही पाहणी १९७२ साली प्रसिद्ध झाली. तेव्हा गावात मिश्री होती, तंबाखू-चुना होता, पानाचं तबक होतं. सुपारी अडकित्त्यानं कातरून, बेतानं. नंतरच्या दशकांत पानमसाला आणि गुटख्याच्या पुड्या आल्या, टपरीवर मावा मळला जाऊ लागला आणि शाळकरी पोराच्या गालातही दिवसभर सुपारी बसू लागली.

सुपारीतल्या आरेकोलिनसारख्या द्रव्यांनी तोंडाच्या अस्तराखाली कोलॅजनचे कडक पट्टे तयार होतात. तिखट सोसेनासं होतं, गाल ताठ होतो, जीभ बाहेर यायला कुरकुरते आणि तोंड उघडणं दर वर्षी थोडं थोडं कमी होत जातं. या रोगाला सबम्यूकस फायब्रोसिस म्हणतात. भारतात त्याचं वर्णन पहिल्यांदा १९५३च्या सुमारास एस. जी. जोशी या कान-नाक-घसा शल्यविशारदांनी केलं. सतत चघळण्यानं अशा रुग्णांचा मॅसेटर भरल्याचं सोनोग्राफीत दिसलं आहे आणि रोग मुरला की त्याच स्नायूचे धागे झिजत, मरत जातात हे सूक्ष्मदर्शकाखाली दिसलं आहे. दिवसाला आठ-दहा तास व्यायाम मिळालेला स्नायू, आणि शेवटी त्याला चमचा आत जाईल एवढंही तोंड उघडता येत नाही. झालेले पट्टे पूर्ववत होत नाहीत आणि यातून कर्करोग उद्भवण्याचा धोका उरतो तो वेगळाच. नुसती सुपारी, तंबाखू नसली तरीही, कर्करोगकारक असल्याचं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं २००४ साली जाहीर केलं. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे. पुड्या कुठे मिळतात हे प्रत्येक चौकात ठाऊक असतं.

ताटाच्या बाबतीत करण्यासारखं फार अवघड नाही. मूल दाढांनी चावायला लागलं की सगळंच मिक्सरमधून काढून देणं थांबवावं. काकडीची फोड, भाकरीचा पापुद्रा, पेरू हातात द्यावा. अख्खे शेंगदाणे, फुटाणे आणि चणे मात्र चार-पाच वर्षांच्या आतल्या मुलांना देऊ नयेत, ते श्वासनळीत अडकतात. वेडेवाकडे येणारे दात सातव्या-आठव्या वर्षीच दाखवून घ्यावेत. घरातल्या वृद्धांची कवळी सैल झाली असेल तर ती बदलून आणावी, दूधभातावर भागवू नये. आणि सुपारी खाणाऱ्या प्रत्येकानं आज आरशासमोर उभं राहून तोंड पूर्ण उघडावं आणि आपलीच तीन बोटं, एकावर एक धरून, वरच्या-खालच्या पुढच्या दातांमध्ये जातात का ते पाहावं. जात नसतील तर पुडी त्याच क्षणी टाकून जवळच्या सरकारी रुग्णालयाच्या दंत विभागात जावं.